पेटता नळ आणि आपली हापशी

स्वयंपाकघरातला नळ सोडलेला आहे. घरमालक नळाजवळ लायटर धरतो, आणि पाण्याच्या धारेभोवती भडका उडतो. जोश फॉक्स यांच्या 'गॅसलँड' या २०१० सालच्या माहितीपटातले हे दृश्य जगभर गाजले. सनडान्स महोत्सवात या चित्रपटाला परीक्षकांचे विशेष पारितोषिक मिळाले, पुढे ऑस्करसाठी नामांकनही मिळाले. 'फ्रॅकिंग' हा शब्द अनेकांनी पहिल्यांदा ऐकला तो या चित्रपटामुळेच. ऊर्जा आणि पर्यावरण हा विषय शिकवताना शाळेच्या विज्ञान मंडळात तो दाखवावा, असे आज पुष्कळ शिक्षकांना वाटते. दाखवावा असे आम्हालाही वाटते. मात्र तो कसा दाखवावा, त्याच्या आधी आणि नंतर काय बोलावे, याचा विचार केल्याशिवाय दाखवू नये, असे आमचे मत झाले आहे. त्याची कारणे या लेखात मांडतो.

वर्धा जिल्ह्यातल्या काही शिक्षकांसोबत हा माहितीपट पाहिल्यावर आलेला पहिला प्रश्न आम्हाला अनपेक्षित होता. "आमच्या गावच्या हापशीलाही मागच्या उन्हाळ्यात फ्रॅक्चरिंग केलं. गाडी आली होती, बोअरमध्ये दाबानं पाणी सोडलं. मग आमचं पाणीही असंच होणार का?" प्रश्न अगदी योग्य होता. चित्रपटात त्याचे उत्तर नव्हते. आमच्याकडेही तयार नव्हते.

म्हणून आधी एकाच शब्दाने ओळखल्या जाणाऱ्या या दोन गोष्टी वेगळ्या करून पाहू.

दोन भंजने

अमेरिकेतले फ्रॅकिंग वायूसाठी आणि तेलासाठी असते. शेल नावाचा चिखलापासून बनलेला खडक वायू धरून ठेवतो, पण त्यातली छिद्रे एकमेकांना इतकी कमी जोडलेली असतात की वायू वाहून विहिरीत येत नाही. म्हणून दीड ते तीन किलोमीटर खोल विहीर खणायची, खडकाच्या थरात ती आडवी वळवून आणखी किलोमीटर-दोन किलोमीटर न्यायची, आणि प्रचंड दाबाने पाणी, वाळू व काही रसायने आत सोडायची. खडकाला बारीक भेगा पडतात, वाळूचे कण त्या भेगा मिटू देत नाहीत आणि वायू बाहेर येतो. या मिश्रणात पाणी आणि वाळू मिळून ९८ टक्क्यांहून अधिक असते, रसायने साधारण अर्धा ते दोन टक्के. हे प्रमाण ऐकायला लहान वाटते, पण मूळ आकडा मोठा आहे. पेनसिल्व्हेनियातल्या मार्सेलस शेलमध्ये एका विहिरीला दीड-दोन कोटी लिटर पाणी लागते. दरडोई ५५ लिटरच्या हिशेबाने दोन हजार वस्तीच्या गावाला दिवसाला १ लाख १० हजार लिटर पाणी पुरते. म्हणजे दीड कोटी लिटर हे त्या गावाचे साडेचार महिन्यांचे पाणी झाले. आणि दीड कोटीचा एक टक्का म्हणजे दीड लाख लिटर रसायने!

हापशीचे जलभंजन ही दुसरी गोष्ट. वर्धा जिल्ह्याचा बहुतेक भाग दख्खनच्या बेसाल्टचा, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणाचा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक पसरले आणि थंड झाले. घट्ट पाषाणात पाणी फक्त भेगांत असते. मुरमात आणि मांजऱ्या खडकात त्यापेक्षा जास्त. विंधन विहिरीला एखादी चांगली भेग लागली तर पाणी, नाही तर कोरडी. कधी भेग असते, पण ती अरुंद असते किंवा गाळाने बुजलेली असते. अशा वेळी विहिरीत ठरावीक खोलीवर पॅकर नावाचे रबरी बूच बसवतात आणि त्याच्या खाली दाबाने साधे पाणी सोडतात. भेगा साफ होतात, थोड्या रुंदावतात, शेजारच्या भेगांशी जोडल्या जातात. विहीर साधारण साठ मीटरच्या आतबाहेर, पाणी काही हजार लिटर, वेळ काही तास. रसायने यात नसतात. महाराष्ट्रात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा टंचाईच्या काळात हे काम करत आली आहे.

दोन्हींमागचे तत्त्व एकच आहे: दाबाखालचे पाणी खडकाची भेग उघडते. पण खोली, पाण्याचे प्रमाण, आत जाणारे पदार्थ आणि मुख्य म्हणजे हेतू, हे सगळे वेगळे आहे. ज्या वर्गाला हा फरक समजला नाही, त्याला 'गॅसलँड' दाखवणे म्हणजे गावच्या हापशीबद्दल उगाच भीती निर्माण करणे होईल. उलट, ज्या वर्गाला तो समजला तो पुढचे प्रश्न नीट विचारू शकेल.

पेटत्या नळात कोणता वायू?

आता पेटत्या नळाकडे वळू. हे दृश्य कोलोरॅडो राज्यातले आहे. नळातला वायू मिथेन होता यात वाद नाही. वाद आहे तो मिथेन कुठून आला याचा.

मिथेन दोन वाटांनी तयार होतो. एक वाट आपल्या ओळखीची आहे. गोबर गॅसच्या टाकीत हवेविना वाढणारे सूक्ष्मजीव शेणातून जो वायू तयार करतात, तो मुख्यतः मिथेनच असतो. दलदलीत, उथळ कोळशाच्या थरांतही हेच घडते. दुसऱ्या वाटेत खोल जमिनीतल्या सेंद्रिय पदार्थाचे उष्णतेने विघटन होऊन मिथेन तयार होतो. शेलमधला वायू बहुधा या दुसऱ्या प्रकारचा. दोन्ही मिथेन सारखेच जळतात, पण ते ओळखता येतात. निसर्गातल्या कार्बनच्या अणूंपैकी सुमारे १.१ टक्के अणू किंचित जड, म्हणजे कार्बन-१३ असतात. सूक्ष्मजीव हलका कार्बन पसंत करतात, त्यामुळे त्यांनी बनवलेल्या मिथेनमध्ये कार्बन-१३ चे प्रमाण कमी असते. शिवाय उष्णतेने बनलेल्या वायूसोबत इथेन, प्रोपेनही येतात. सूक्ष्मजीवांच्या मिथेनसोबत ते जवळजवळ नसतात.

कोलोरॅडोच्या तेल व वायू आयोगाने चित्रपटात दिसणाऱ्या तीन विहिरींच्या तपासण्यांचा निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध केला. दोन विहिरींतला वायू सूक्ष्मजीवांनी बनवलेला होता. एका विहिरीत दोन्ही प्रकारांचे मिश्रण होते. गाजलेला पेटता नळ पहिल्या गटातला. तिथल्या पाण्याच्या विहिरी कोळशाचे पापुद्रे असलेल्या थरांतून जातात, म्हणून वायूची विहीर न खणताही त्यात मिथेन येऊ शकतो. चित्रपटात हे येत नाही.

हा दोष आम्हाला गंभीर वाटतो. 'नळ पेटला' हे निरीक्षण आहे. 'फ्रॅकिंगमुळे पेटला' हा निष्कर्ष आहे. या दोहोंमध्ये जी पायरी हवी ती दिग्दर्शकाने प्रेक्षकाला उडी मारून ओलांडायला लावली आहे. इयत्ता आठवीच्या प्रयोगवहीत आपण निरीक्षण आणि अनुमान यांचे वेगवेगळे रकाने आखायला लावतो. ती शिस्त माहितीपटालाही लागू करायला हवी.

पण म्हणून चित्रपट खोटा ठरत नाही

इथे दुसऱ्या बाजूची चूक होते. वायू कंपन्यांच्या समर्थकांनी हीच त्रुटी पकडून अख्खा चित्रपट खोटा ठरवला. २०१३ साली आलेल्या 'फ्रॅकनेशन' या प्रत्युत्तराच्या माहितीपटाचा सूर बराचसा तसाच आहे. एक उदाहरण चुकले म्हणून दावा चुकला, हेही तर्काला धरून नाही.

याच चित्रपटात पेनसिल्व्हेनियातले डिमॉक नावाचे खेडे आहे. तिथे २००९ च्या पहिल्याच दिवशी एका घराच्या पाण्याच्या विहिरीत साठलेल्या वायूचा स्फोट झाला. त्या प्रकरणाचा शेवट व्हायला बरीच वर्षे लागली. २०२० साली राज्याच्या महाधिवक्त्यांनी कॅबट ऑइल अँड गॅस या कंपनीवर फौजदारी आरोप ठेवले. २०२२ साली तिच्या वारस कंपनीने आरोप लढवायचे नाहीत असे न्यायालयात सांगितले आणि गावाला नळाचे स्वच्छ पाणी आणण्यासाठी १ कोटी ६० लाख डॉलरहून अधिक रक्कम देण्याचे मान्य केले.

ड्यूक विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी २०११ साली त्या भागातल्या पाण्याच्या विहिरी तपासल्या. वायूच्या चालू विहिरींपासून एक किलोमीटरच्या आत पाण्यात मिथेनचे सरासरी प्रमाण लिटरला १९.२ मिलिग्रॅम होते, दूरच्या विहिरींत १.१. मात्र फ्रॅकिंगची रसायने पाण्यात सापडली नाहीत. मग वायू आला कसा? २०१४ च्या पुढच्या अभ्यासाने दाखवले की, जिथे वायू आला तिथे दोष बहुधा वरच्या भागात होता. विहिरीच्या लोखंडी केसिंगमध्ये किंवा तिच्याभोवतीच्या सिमेंटमध्ये फट राहिली होती. तळाशी दीड-दोन किलोमीटरवर पाडलेल्या भेगांतून वायू वर चढला असा पुरावा नव्हता.

याचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. कंपनी म्हणते, "फ्रॅकिंगने पाणी बिघडले नाही." शब्दशः पाहिले तर खडक फोडण्याच्या त्या काही दिवसांच्या क्रियेपुरते हे खरे असू शकते. गावकरी म्हणतात, "तुम्ही आल्यापासून पाणी बिघडले." तेही खरे असू शकते. खणणे, सिमेंट भरणे, टँकरने सांडपाणी नेणे, ते खड्ड्यात साठवणे, हे सारे गावकऱ्यांच्या दृष्टीने 'फ्रॅकिंग'च असते. वाद अनेकदा पुराव्याचा नसून शब्दाच्या व्याप्तीचा असतो.

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या अहवालातही हेच झाले. २०१५ च्या मसुद्यात पिण्याच्या पाण्यावर व्यापक स्वरूपाचे परिणाम झाल्याचा पुरावा नाही, असे वाक्य होते. संस्थेच्याच विज्ञान सल्लागार मंडळाने त्याला आधार काय, असे विचारले. २०१६ च्या अंतिम अहवालातून ते वाक्य गेले. काही परिस्थितींत परिणाम होतात असे सांगून त्या परिस्थितींची यादी दिली गेली: पाण्याच्या टंचाईत उपसा, सांडलवंड, कमकुवत विहिरी, सांडपाण्याचे अस्तर नसलेले खड्डे. देशभराचे प्रमाण सांगता येण्याइतकी माहितीच उपलब्ध नाही, हेही त्यात मान्य केले होते.

आधी मोजले नव्हते

माहिती का नाही? कारण खणण्याआधी कुणी मोजलेच नव्हते. आमच्या मते सगळ्या वादाचे मूळ इथे आहे, आणि 'गॅसलँड'मध्ये त्याला जेमतेम जागा मिळाली आहे. खणल्यानंतर पाण्यात मिथेन सापडला, पण आधी तो किती होता? नोंद नसेल तर गावकऱ्याला नुकसान सिद्ध करता येत नाही आणि कंपनीला निर्दोषत्व.

नोंदी असल्या तरी त्या कुणाच्या ताब्यात आहेत हा प्रश्न उरतोच. २०१५ साली एका निबंधात ११ हजारांहून अधिक नमुन्यांच्या आधारे, वायूच्या विहिरींचे अंतर आणि पाण्यातला मिथेन यांत संबंध दिसत नाही असा निष्कर्ष काढला गेला. नमुने एका वायू कंपनीने गोळा केलेले होते आणि लेखकांचे त्या कंपनीशी असलेले आर्थिक संबंध सुरुवातीला पुरेसे उघड केलेले नव्हते. नियतकालिकाला नंतर दुरुस्ती छापावी लागली. एवढ्याने निष्कर्ष चूक ठरत नाही. पण गावाने स्वतःच्या विहिरीची नोंद स्वतः का ठेवावी, हे मात्र त्यावरून कळते.

वर्ध्यातून पाहताना

'गॅसलँड'ची सुरुवात एका पत्राने होते. वायू कंपनी फॉक्स यांच्या कुटुंबाला त्यांची जमीन भाडेपट्ट्याने मागते आणि त्यासाठी सुमारे एक लाख डॉलर देऊ करते. असे पत्र वर्ध्यातल्या शेतकऱ्याला येणार नाही. अमेरिकेत जमिनीखालचे खनिज बहुधा जमीनमालकाचे असते. आपल्याकडे तेल-वायू काढण्याचा परवाना सरकार देते. शेतकऱ्याला मिळतो तो जमिनीच्या वापराचा मोबदला. म्हणजे तिथल्या खेड्यात पट्टा देणारा आणि न देणारा शेजारी अशी फूट पडते, आणि चित्रपटाने ती चांगली टिपली आहे. आपल्याकडे प्रश्न वेगळा आहे: शेतकऱ्याला 'नाही' म्हणता येते का? कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात तो प्रत्यक्षात विचारला गेला. मन्नारगुडी परिसरात कोळशाच्या थरातला मिथेन काढण्याचा परवाना २०१० साली दिला गेला. कोळशातून वायू सुटायचा तर आधी थरातले पाणी उपसावे लागते, आणि भातशेतीच्या मुलखात हाच मुख्य आक्षेप ठरला. आंदोलने झाली, २०२० साली तमिळनाडूने त्या प्रदेशाला कायद्याने संरक्षित कृषिक्षेत्र ठरवले.

वर्ध्याचे नावही या यादीत येऊन गेले आहे. कोळशातल्या मिथेनसाठी २००३ साली झालेल्या दुसऱ्या फेरीत वर्धा खोऱ्यातला एक गट ओएनजीसीकडे गेला होता. तिथून वायूचे व्यापारी उत्पादन झाले नाही. या खोऱ्याच्या कोळशाच्या खाणी मुख्यतः चंद्रपूर आणि यवतमाळकडे आहेत. खुद्द वर्धा जिल्ह्यातल्या बेसाल्टमध्ये फोडून काढावा असा वायू नाही. म्हणून 'उद्या आपले नळ पेटतील' असे वर्गात सांगू नये. ते खरे नाही.

मग वर्ध्याच्या मुलांना हा वाद कशासाठी शिकवायचा? आमचे उत्तर असे. पेटता नळ दिसतो, म्हणून त्यावर चित्रपट निघतो. आपल्या पाण्यातला दोष दिसत नाही. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या भूजल गुणवत्ता अहवालात नायट्रेटने सर्वाधिक बाधित अशा देशातल्या पंधरा जिल्ह्यांत वर्ध्याचे नाव आहे. सोबत बुलढाणा, अमरावती, यवतमाळ, नांदेड, बीड, जळगावही आहेत. पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅमपर्यंत नायट्रेट चालते. रासायनिक खते, उकिरडे, शौचालयांचे शोषखड्डे ही त्याची मुख्य उगमस्थाने. त्याला रंग नाही, वास नाही. सहा महिन्यांखालच्या बाळांच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता त्याने घटू शकते. पाणी उकळून ते जात नाही. उलट पाणी आटल्याने प्रमाण वाढते.

आता हापशीच्या प्रश्नाकडे परत येऊ. जलभंजनाने रसायने आत जात नाहीत, म्हणून त्या अर्थाने भीती नको. पण भेगा जोडल्या गेल्या की विहिरीला नवे पाणी मिळते, आणि ते नवे पाणी उकिरड्याखालच्या उथळ थरातलेही असू शकते. म्हणून भंजनानंतर 'पाणी वाढले का?' याबरोबरच 'पाणी कसे आहे?' हेही विचारले पाहिजे. हापशीला पाणी आले की गाव समाधान मानते आणि तपासणी राहून जाते.

दुसरी गोष्ट प्रमाणाची. जलभंजन पाणी निर्माण करत नाही. असलेल्या पाण्यापर्यंत वाट काढते. खडकात मुरते त्यापेक्षा जास्त उपसा होत असेल, तर रुंद भेग फक्त लवकर रिकामी होते. संत्र्याच्या पट्ट्यात एकाने दोनशे फूट खणले की शेजारी तीनशे खणतो. १९९३ च्या कायद्याने पिण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर खणण्यावर बंधन आणले. २००९ च्या कायद्याने ६० मीटरहून खोल विहिरींवर नियंत्रणाची तरतूद केली. कागदावर बंधने आहेत. पण गावची हापशी उन्हाळ्यात का कोरडी पडते, हे विचारायला लागणारी आकडेवारी गावाकडे सहसा नसते. इथे आपण डिमॉकच्या रहिवाशांहून फार वेगळे नाही.

शाळेच्या विहिरीची वही

म्हणून आम्ही सुचवतो की 'गॅसलँड' जरूर दाखवा, पण त्याच्याबरोबर एक वही सुरू करा. शाळेजवळची एक उघडी विहीर आणि एक हापशी निवडा. विहिरीत दोरीला वजन बांधून जमिनीपासून पाण्यापर्यंतचे अंतर महिन्यातून एकदा, ठरल्या दिवशी, शक्यतो सकाळी उपसा सुरू होण्याआधी मोजा. हापशीवर एक बादली भरायला किती वेळा दांडा मारावा लागतो ते मोजा. पावसाची नोंद शेजारी लिहा. वर्षातून दोनदा, पावसाळ्यापूर्वी आणि नंतर, नायट्रेटची तपासणी करून घ्या. गावपातळीवर वापरायचे तपासणी संच किंवा पाणी तपासणीची प्रयोगशाळा यांची मदत घेता येईल. भूजल यंत्रणा राज्यातल्या हजारो निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा घेते. आपल्या जवळची विहीर कोणती हे विचारून आपले आकडे तिच्याशी ताडून पाहता येतील.

अशा वहीला दोन-तीन वर्षांत फारसा अर्थ दिसणार नाही. पाऊस दरवर्षी वेगळा असतो. दहा वर्षांनी दिसेल. दरम्यान मुले बदलतील, कदाचित शिक्षकही बदलतील, म्हणून ती वही व्यक्तीची न ठेवता शाळेची ठेवावी.

'गॅसलँड'ला आमचे गुण सांगायचे तर प्रश्न विचारण्याच्या धैर्याबद्दल पुष्कळ, पुराव्याच्या शिस्तीबद्दल थोडे. फ्रॅकिंगला विहिरीतून दाबाने द्रव सोडण्यासंबंधीच्या बहुतेक केंद्रीय नियमांतून २००५ सालच्या कायद्याने सूट मिळाली, हे त्याने लोकांपुढे आणले; खेड्यातल्या माणसांना बोलू दिले. पण ज्या दृश्याने तो ओळखला जातो, ते दृश्यच तपासणीत टिकले नाही, आणि त्याची किंमत डिमॉकसारख्या ठिकाणच्या खऱ्या तक्रारींना मोजावी लागली. "तो पेटता नळ खोटा होता ना? मग हेही खोटे असेल," असे म्हणायला विरोधकांना सोपे गेले. ज्यांची बाजू खरी आहे त्यांनी पुराव्याबाबत दुप्पट काटेकोर असायला हवे, एवढा धडा या चित्रपटातून आपल्या मुलांना मिळाला तरी तो दाखवल्याचे सार्थक होईल. आणि त्या शिक्षकांच्या प्रश्नाला आता आम्ही असे उत्तर देऊ: तुमची हापशी पेटणार नाही, पण तिच्या पाण्यात काय आहे हे तुम्ही अजून मोजलेले नाही, आणि ते मोजणे तुमच्या हातात आहे.